चार राखाडी घरं

गेल्या आठवड्यापासून दौंडच्या आमच्या रस्त्यावरून कांद्याचे ट्रॅक्टर जायला लागले आहेत. ट्रॉलीतून उडालेली वाळकी टरफलं दिवसभर दारात येऊन पडतात. मी झाडते आणि ती पुन्हा येतात. सासूबाई खुर्चीत बसून माझी गंमत बघतात. "आगं, किती झाडशील? कांदं संपस्तवर हे आसंच हाय," म्हणतात. त्यांना वाटतं मला टरफलांचा राग येतो. खरं तर मला त्यांचा वास हवा असतो. अर्धवट वाळलेल्या पातीचा तो उग्र, गोडसर वास नाकात शिरला की माझं गणित चुकायला लागतं. मी शाळेत गणितच शिकवते, त्यामुळे ही चांगलीच अडचण आहे.

माझं माहेर कवठे येमाईचं. सासर कासुर्डीजवळचं, आणि नवरा रेल्वेत, म्हणून आमचं बिऱ्हाड दौंडला. नकाशावर बघितलं तर माहेर काही लांब नाही. न्हावऱ्याच्या फाट्यावर चहा प्यायचा, शिरूरला गाडी बदलायची, की दुपारच्या आत माणूस पोचतं. पाच वर्षांत मी तिथं एकदाही गेलेली नाही. पण कांद्याची काढणी सुरू झाली की मी मनानं तिथंच असते आणि त्यातही एकाच सालच्या काढणीत असते. त्या काढणीत आई माझ्याशी रोज सकाळी रंगांनी बोलायची.

हे नीट सांगायला हवं. फोनवर एक खेळ असतो. रोज सकाळी एक नवा शब्द लपवलेला असतो, चार अक्षरांचा. आपण सहा वेळा अंदाज करायचा. काना-मात्रा तो खेळ मोजत नाही, नुसतं मूळ अक्षर बघतो. अक्षर बरोबर आणि जागाही बरोबर असेल तर घर हिरवं होतं. अक्षर शब्दात आहे पण जागा दुसरी असेल तर पिवळं. नसेलच तर राखाडी. खेळ संपला की आपल्या सगळ्या ओळींचं चित्र दुसऱ्याला पाठवता येतं, पण त्यात अक्षरं नसतात, नुसते रंग असतात. दुसऱ्याची गंमत जाऊ नये म्हणून ही सोय.

आईला हा खेळ मीच शिकवला, लग्नाआधीच्या वर्षी. आई सातवी पास. लग्नपत्रिकेपासून खताच्या गोणीपर्यंत समोर येईल ते वाचून काढणारी बाई. पंधरा दिवसांत ती माझ्या पुढं गेली आणि ते मला मुळीच आवडलं नाही.

माझी पद्धत हिशेबी होती. मराठीत सगळ्यात जास्त येणारी अक्षरं कोणती याची मी वहीत यादी केली होती आणि त्यावरून रोजचा पहिला शब्द ठरवला होता: तलवार. चार वेगवेगळी अक्षरं, चारही कामाची. दुसरा शब्द असा टाकायचा की त्यात पहिल्यातलं एकही अक्षर नको. म्हणजे दोन फटक्यांत आठ अक्षरांचा निकाल लागतो. तिसऱ्या ओळीत गरज पडली तर मुद्दाम चुकीचा शब्द टाकायचा, नुसती अक्षरं गाळण्यासाठी. हे मी आईला मोठ्या तोऱ्यात समजावलं. विहिरीच्या धक्क्यावर बसलो होतो, कारण आमच्याकडं नेटवर्क तिथंच मिळतं.

"आन् त्यो शब्द चुकीचा हाय हे तुला आदुगरच ठावं आस्तंय?" आईनं विचारलं.

"हो. पण त्यानं माहिती मिळते ना."

"जे न्हाई हे ठावं हाय, ते कशाला ल्ह्यायचं? मी न्हाई लिवनार खोटं."

झालं. तिनं आयुष्यात एकही फुकटचा शब्द टाकला नाही. तिचा पहिला शब्दही ठरलेला होता: कालवण. "सकाळी उठल्याव डोस्क्यात पयला त्योच शब्द येतोय, आज कालवण काय करायचं," म्हणायची. आणि पुढं ती अक्षरांचा विचार करायचीच नाही. ती शब्द ठेवणाऱ्या माणसाचा विचार करायची. "त्यो बाप्या हाय का बाई? बाई आसंल तर सणाचा शब्द ठेवील. बाप्या आसंल तर काल जे खाल्लंय त्ये ठेवील." मी हसायचे. संक्रांतीच्या आदल्या दिवशी तिनं दुसऱ्याच फटक्यात तिळगूळ टाकला आणि फोन माझ्यापुढं धरला. मी पाचव्या ओळीवर अडकले होते, यादीसकट.

त्याच वर्षी वैशाखात मी संतोषशी लग्न केलं, घरच्यांना न सांगता, रजिस्टर पद्धतीनं. आम्ही दोघं शिरूरच्या कॉलेजात बरोबर होतो. त्याच्या घरचे लोक दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत मेंढ्या घेऊन मुलूखभर फिरायचे. आमच्याकडं चाळीस एकर बागायत, सोसायटीत चुलत्यांचं पॅनेल, आणि भावकी अशी की गावातल्या कुणाच्याही ताटात काय वाढलंय हे तिला आधी कळतं. पुढं काय झालं असेल ते कुणालाही कळेल. आमच्या भागात या गोष्टीला फार वळणं नसतात.

दादाबद्दल मात्र मला वाईट बोलता येत नाही, तेव्हाही आलं नाही. वडील गेले तेव्हा तो अठराचा होता. स्वतःचं कॉलेज सोडून त्यानं मला शिकवलं. पहाटे उसात बिबट्या असायचा म्हणून मला एसटीपर्यंत सोडायला यायचा, हातात बॅटरी आणि तोंडात जोरजोरात कसलंही गाणं. त्या माणसाला चावडीपुढं मान खाली घालून उभं राहावं लागलं आणि ते माझ्यामुळं. घरी आल्यावर तो आईला म्हणाला, "आये, तिच्याशी एक शब्द जरी बोललीस, तर माझं मेल्यालं तोंड बघशील." हे मला वहिनीनं नंतर लपूनछपून फोन करून सांगितलं. सांगताना ती रडत होती.

शिकलेल्या माणसाला हे हास्यास्पद वाटेल. मी स्वतः वर्गात मुलांना असल्या गोष्टी मानू नका म्हणून सांगते. पण आमच्याकडं घातलेली शपथ ज्यानं घातली त्यानंच "सुटली" म्हणेपर्यंत सुटत नाही, आणि आईनं एकदा नवऱ्याचं मरण बघितलेलं आहे. ती मुलाच्या जिवाशी खेळणार नव्हती. हे मला कळत होतं. कळून उपयोग काही नव्हता. दहा महिने तिचा आवाज नाही, निरोप नाही. मी फोन लावला की तो वाजत राहायचा.

फाल्गुनात कांदाकाढणी सुरू झाली, आणि एका सकाळी साडेसहाला फोन किणकिणला. आईकडून काहीतरी आलं होतं. उघडून बघितलं तर नुसते रंग. चार ओळी, शेवटची हिरवी. ना "कशी आहेस", ना काही. तिनं कोडं सोडवलं होतं आणि मला कळवलं होतं.

मी सैपाकघरातल्या फरशीवर बसून रडले. मग डोळे पुसले आणि त्या दिवशीचं कोडं सोडवायला घेतलं. माझ्या लक्षात आलं की आईची पहिली ओळ मला वाचता येते. तिचा पहिला शब्द कालवण असणार. त्या ओळीत तिसरं घर हिरवं होतं, म्हणजे आजच्या शब्दात तिसरं अक्षर व. मला आयता एक अंदाज मिळाला होता. मुलांना कॉपी करू नका म्हणणारी मी त्या दिवशी तिसऱ्या ओळीत सुटले आणि लगेच माझे रंग तिला पाठवले. तिनं ते पाहिल्याच्या दोन निळ्या खुणा उमटल्या. त्या खुणांकडं मी किती वेळ बघत होते कुणास ठाऊक.

मग रोजचंच झालं. शेतावर मजूर बाया यायच्या आत, विहिरीच्या धक्क्यावरून, आई रंग पाठवायची. मी ते नकाशासारखे वाचायचे. दोन ओळींत सुटलं की समजायचं, आज तिची गंमत चालली आहे. पाच ओळी लागल्या की कंबर दुखत असणार. एखाद्या दिवशी रंग साडेसहाऐवजी दहाला आले म्हणजे शेतीची लाइट दिवसपाळीला आली आहे आणि ती पिकाला पाणी द्यायला दाऱ्यावर गेली होती. एकदा सहाही ओळी चुकल्या आणि मी दिवसभर कासावीस. दुसऱ्या दिवशी तीन ओळींत हिरवं आलं तेव्हा जेवले.

पण खरी पोटतिडीक वेगळीच होती. प्रत्येक ओळीत आईनं लिहिलेला एक शब्द होता. रोज चार-पाच शब्द ती तिच्या एका बोटानं, शोधून शोधून टाइप करत होती, आणि मला दिसत होता तो नुसता रंग. मग मी उलटं कोडं सोडवायला लागले. उत्तर मला कळलेलं असायचं. त्यावरून आईच्या दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत कोणता शब्द असेल ते शोधायचं. पहिलं पिवळं, चौथं हिरवं, मग इथं तिनं वाळवण टाकलं असेल का? की पाखरण? इथं माझी अक्षरांची यादी कुचकामी होती. इथं आईचीच पद्धत लागू पडत होती. शब्द टाकणारी बाई कोण आहे, तिनं काल काय खाल्लं, ती आत्ता कुठं बसली आहे, तिच्यासमोर कांद्याची पात कशी पसरली आहे. मी डोळे मिटून कवठ्याच्या शेतात जाऊन बसायचे आणि मग शब्द सुचायचे. संतोष म्हणायचा, "शाळेचे पेपर तपास ना, परीक्षा जवळ आलीय." पेपर तसेच पडलेले असायचे.

त्यावेळी मला सातवा महिना सरत आला होता. आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी करतात. सातव्यात माहेरची माणसं येतात, ओटी भरतात, लेकीला घेऊन जातात. माझं कुणी येणार नव्हतं. माहेरी कुणाला माहीतही नव्हतं. पण कवठ्याची एक लांबची मावशी दौंडच्या बाजारात भेटली, माझ्या पोटाकडं बघितलं, "बरं हाय का?" म्हणाली आणि घाईनं गर्दीत शिरली. मी मनात म्हटलं, आता संध्याकाळपर्यंत आईला कळेल.

दुसऱ्या दिवशीचे रंग आले. त्या दिवशीचं उत्तर होतं कवडसा. मी सोडवलं, आणि मग आईची पहिली ओळ बघून चक्रावले. आईनं कालवण टाकलं असतं तर पहिलं घर हिरवं यायला हवं होतं, क जागेवर आहे. पण तिच्या पहिल्या ओळीत चारही घरं राखाडी होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं पहिला शब्द बदलला होता.

मी शाळेत गेले नाही. दिवसभर वही घेऊन बसले. क नाही, व नाही, ड नाही, स नाही, असा चार अक्षरी शब्द. असे शब्द शेकड्यानं आहेत. मी दोन पानं भरली. मग वही मिटली आणि आईच्या पद्धतीनं विचार केला. सकाळी उठल्यावर आज तिच्या डोक्यात पहिला शब्द कोणता आला असेल?

बाळंतीण.

मी अक्षरं तपासली. चारही राखाडी येतात. बसतो शब्द. संतोष घरी आल्यावर त्याला दाखवलं. तो बिचारा हळूच म्हणाला, "अगं, चार राखाडी घरांत काहीपण बसतं." खरं होतं त्याचं. पण मी ते ऐकलं नाही. मला तो शब्द हवा होता आणि मी तो घेतला.

काढणी उरकत आली, कांदा साठवणीच्या चाळीत भरायची वेळ झाली, आणि मनूचा जन्म झाला. संतोषनं वहिनीला फोन करून कळवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या दारात आई उभी. एका हातात खारीक-खोबऱ्याची पिशवी, पायांवर शेतातली माती. मी "आई" म्हणून ओरडलेच. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ येऊन मनूला उचललं, मांडीवर घेतलं आणि तिला म्हणाली,

"ह्या पोरीला कुनी गुंडाळलं आसं? हात सुटं ऱ्हायल्याव दचाकती ना बया."

आई मनूचे हात दुपट्यात घेत पुढं म्हणाली, "तुझ्या मामाला म्हन्लं, तू बोलू नगं म्हन्लास, जाऊ नगं म्हन्ला न्हाईस. त्यो गप बसला. मंग म्हन्लं, नातीशी बोलू नगं आसं बी म्हन्ला न्हाईस. तवा त्यो उठून चाळीत गेला. मी पिशवी उचलली."

सव्वा महिना आई आमच्याकडं राहिली. सगळं बोलणं मनूशी. "सांग तुझ्या आयशीला, गार पान्यात हात घालू नगं म्हनावं." "तुझ्या आयशीनं लाडू खाल्ला न्हाई वाटतं." तेल लावताना तिचे हात माझ्या पाठीवर फिरायचे आणि गोष्टी चालायच्या पाळण्यातल्या मनूला: यंदा कांदा दुभंगलेला, जोड निघाला, वहिनीची गाय व्याली, दादाची झोप उडालीय. मी सरळ तिला उत्तर द्यायचे. ती पुढचं वाक्य पुन्हा मनूला सांगायची. कोडं सोडवताना मात्र माझ्याकडं पाठ करून बसायची. लिहिलेला शब्द हा पण शब्दच, असा तिचा हिशेब असणार. चार पावलांवर ती शब्द लिहीत होती आणि तिथंही मला ते दिसू देत नव्हती.

सासूबाईंना हे बघवेना. त्या एकदा म्हणाल्या, "इहीनबाई, बोला की आवो लेकीशी. हितं कोन बघतंय?"

"मी बघतीया की," आई म्हणाली. सासूबाईंशी बोलायला तिला काही आडकाठी नव्हती. "न बोलल्यानं ल्येक काय मरत न्हाई. बोलल्यानं ल्योक मेला तर मी कुठं जाऊ?"

मला त्या वेळी आईचा फार राग आला. आणि आता चार वर्षांनी लिहिताना वाटतं, तिच्या जागी मी काय केलं असतं? मनूला एक भाऊ असता तर?

आता आई रोज संध्याकाळी सहाला फोन करते. मनूला मागते. मी स्पीकर लावून जवळ बसते. मनूला वाटतं सगळ्यांच्या आज्या अशाच असतात. "आजी म्हणते तुला खोकला झालाय का," असं ती मला मोठ्यानं सांगते, जणू मला ऐकूच आलं नाही. हे सगळं विनोदी आहे आणि आम्ही हसतोही. पण मला माझं नाव ऐकायचं असतं. शाळेत मॅडम, घरी मनूची आई, सासूबाईंची सूनबाई. आई मला "सुमे" म्हणायची. त्या हाकेत "ऊठ" असायचं, "जेवलीस का" असायचं, "कशाला केलंस गं" असं कधी नव्हतं. ती हाक ऐकून पाच वर्षं झाली. या दिवसांत, कांदा आला की, ती आठवण अंगावर येते. वर्गात कुणी मुलगी "सुमे" म्हणून दुसरीला हाक मारते आणि मी फळ्याकडं तोंड करून थांबते.

परवा सकाळची गोष्ट. माझी शाळा दुपारची असते. मनू बालवाडीत गेली होती. साडेदहाला फोन वाजला. आई.

मी उचलला. "मनू शाळेत गेलीय गं आई," म्हणाले. ती फोन ठेवेल म्हणून वाट बघितली. तिनं ठेवला नाही. पलीकडं ट्रॅक्टर चालू होता, बायांचा गलका होता, आणि तिचा श्वास मध्येच ऐकू येत होता, मध्येच दबत होता. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मनू किती वाजता जाते, किती वाजता येते, डब्यात काय नेते, हे आई रोज तिलाच विचारते. साडेदहाला मनू घरात नसते हे तिला पक्कं माहीत होतं.

आई बोलणार? का बोलणार? शपथ सुटली, की सुटायला शपथ घालणाराच उरला नाही? पाच वर्षं ज्या एका शब्दासाठी जीव टाकला, तो आता तिच्या तोंडून येऊ नये असं मला वाटायला लागलं. "आई, बोलू नकोस," मी म्हणाले. "दादा बरा आहे ना? नको, सांगू नकोस. बोलू नकोस."

तेवढ्यात मागून दादाचाच आवाज आला, जवळ येत येत. खणखणीत, चिडका, जिवंत. "आये, पोती मोजायची सोडून कुनाशी बोलतीस?"

"कुनाशी बोलत न्हाई," आई त्याला म्हणाली. "ऐकतीया नुसती."

मी फोन कानाशी घट्ट धरून उभी राहिले. दादाच्या चपला लांब जाताना ऐकू आल्या, आणि मग ट्रॅक्टर बंद झाला. बायांनाही त्यानं काहीतरी खुणावलं असावं, कारण गलका थांबला. आता आईचा श्वास मला नीट ऐकू येत होता. माझा आवाजही तिला तसाच नीट जाणार होता.

मनूला मागच्या महिन्यात ताप आला होता, तिथपासून मी सांगायला सुरुवात केली.